लुआ: मेमरी संपल्याची एरर पकडली जाते, पण प्रोग्रॅम नंतर कोसळतो

धूमकेतू

नमस्कार मंडळी,

एका छोट्या कंट्रोलर बोर्डवर लुआ ही प्रोग्रॅमिंगची भाषा (आवृत्ती ५.३) बसवली आहे. बोर्ड ३२ बिटचा, कॉर्टेक्स-एम जातीचा, ऑपरेटिंग सिस्टिम नाही. लुआसाठी २ एमबीचा मेमरी पूल वेगळा काढला आहे आणि त्यातून जागा वाटणारा अ‍ॅलोकेटर बोर्डासोबत आलेल्या किटमधला आहे. स्क्रिप्टचं काम साधं: सेन्सरच्या नोंदींची फाइल वाचायची, प्रत्येक ओळ तोडायची, तुकडे एका टेबलात भरायचे आणि शेवटी गोषवारा काढायचा.

फाइल फार मोठी आली की मेमरी संपते. ते अपेक्षितच आहे. सगळं काम पीकॉलमध्ये (एरर पकडणाऱ्या लुआच्या फंक्शनमध्ये) गुंडाळलेलं असल्यामुळे 'नॉट इनफ मेमरी' हा संदेश व्यवस्थित हातात येतो. तो लॉगमध्ये टाकतो, टेबल सोडून देतो आणि पुढची छोटी फाइल घेतो. खरी अडचण इथून पुढे. छोटी फाइल चालू असताना मधेच कधीतरी बोर्ड हार्डफॉल्टमध्ये जातो, म्हणजे कोसळतो. दर वेळी पत्ता निराळा, दर वेळी स्क्रिप्टची ओळ निराळी. फॉल्टच्या जरा आधी 'कलेक्टगार्बेज' ला 'काउंट' देऊन आकडा छापला, तर वापर जेमतेम ३०० केबी. म्हणजे २ एमबीतली बहुतेक जागा मोकळी असताना कोसळतंय.

कधीकधी क्रॅश होत नाही, पण त्याहून चमत्कारिक गोष्ट दिसते. कॉन्फिगच्या टेबलात एक की नक्की आहे. फाइलमधून वाचलेल्या नावाने ती शोधली तर निल, म्हणजे 'काहीच नाही', येतं. दोन्ही स्ट्रिंग छापल्या, लांबी पाहिली, बाइट न् बाइट ताडून पाहिला. तंतोतंत सारख्या. तरी == लावलं की फॉल्स!

मेमरी कधी संपलीच नाही तर यातलं काहीही होत नाही. कुणाला असा अनुभव आहे का?

तिसरा_प्रहर

पहिली गोष्ट, हे बोर्डवर शोधत बसू नका. तोच सी कोड, तोच अ‍ॅलोकेटर, तीच स्क्रिप्ट लिनक्सवर बांधा आणि तिथे पाडा. बोर्डवर पत्ते भलतेच दिसण्याला कारण आहे. कॉर्टेक्स-एमवर शून्य पत्त्यापाशी सहसा व्हेक्टर टेबल (हँडलर फंक्शनांच्या पत्त्यांची यादी) असतं आणि ते वाचता येतं. त्यामुळे नल (म्हणजे शून्य पत्त्याच्या) पॉइंटरमधून वाचलं तर तिथल्या तिथे फॉल्ट होत नाही, काहीतरी आकडा हाती लागतो आणि तोच पत्ता समजून प्रोग्रॅम पुढे धावतो. मग जिथे पडतो ती जागा मूळ जागेपासून कुठच्या कुठे असते. लिनक्सवर शून्याजवळचं पान मॅप केलेलंच नसतं, तिथे पहिल्याच पावलाला सापडेल.

दुसरी गोष्ट, लिनक्सवर पडला की कसा पडला ते नीट बघा. एक्झिट कोड १३७ आला तर तो १२८ अधिक ९, म्हणजे बाहेरून कुणीतरी, बहुधा कर्नलच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेने), मारला. १३९ म्हणजे १२८ अधिक ११, सेगफॉल्ट, म्हणजे मनाई असलेल्या पत्त्याला हात लागला. १३४ म्हणजे अबॉर्ट. तो दिसला तर लुआचं पॅनिक फंक्शन धावलं असण्याची शक्यता मोठी, म्हणजे एरर पीकॉलच्या बाहेर कुठेतरी उडाली. या तिन्ही वाटा वेगवेगळ्या आहेत. 'मेमरी संपल्यावर क्रॅश' या एका वाक्यात त्या एकत्र केल्या की माणूस चुकीच्या वाटेने फार लांब जातो.

आणि सी स्टॅक (चालू सी फंक्शनांची कामाची जागा) किती ठेवला आहे तेही सांगा.

खडीसाखर

तिसरा_प्रहर यांच्याशी सहमत. त्यात माझी भर.

लुआ सी म्हणून बांधलेली असेल तर एरर लाँगजंपने उडते. तुमच्या सी फंक्शनमध्ये मॅलॉकने घेतलेला बफर असेल आणि त्यानंतर स्ट्रिंग पुश करणं किंवा टेबल बनवणं असं काही केलं असेल, तर मेमरी एरर आली की कोड थेट पीकॉलपाशी परततो. बफर सोडणारी तुमची फ्रीची ओळ कधीच चालत नाही. सी++ असेल तर डिस्ट्रक्टरही सुटतात. लुआच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक एपीआय फंक्शनच्या शेजारी एक छोटी खूण असते. त्यात 'एम' हे अक्षर दिसलं की ते फंक्शन मेमरी एरर फेकू शकतं असं समजायचं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा अशी फंक्शनं खूप जास्त आहेत.

दुसरा नेहमीचा संशयित म्हणजे टूस्ट्रिंगने मिळालेला पॉइंटर. ती स्ट्रिंग स्टॅकवरून काढून टाकली आणि पॉइंटर मात्र जवळ ठेवला, तर एरवी महिनोन्‌महिने चालून जातं. मेमरी संपत आली की लुआ स्वतःहून पूर्ण जीसी (गार्बेज कलेक्शन, नको असलेल्या वस्तूंची झाडलोट) चालवते आणि त्यात ती स्ट्रिंग जाते.

== फॉल्स येण्याचा प्रकार मात्र मला यातल्या कशातच बसत नाही. त्यावरून नजर हटवू नका.

धूमकेतू

दोघांचेही आभार. लिनक्सवर बांधलं. स्टॅक भरपूर आहे, पातळी मोजून पाहिली, निम्म्याच्याही वर जात नाही. सी++ कुठेच नाही. आमची सी फंक्शनं थोडीच आहेत. ती एकेक करून वाचली, स्ट्रिंगचा पॉइंटर जवळ ठेवलेला कुठे आढळला नाही.

आता जे सापडलं ते. लिनक्सवर नेहमीच्या रिअलॉकला (ब्लॉकचा आकार बदलणाऱ्या सीच्या फंक्शनला) फक्त वर २ एमबीची मर्यादा घालून चालवलं, तर मेमरी एरर येते, पकडली जाते आणि पुढचं सगळं सुरळीत. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं साधनही गप्प. तोच प्रोग्रॅम किटमधल्या अ‍ॅलोकेटरवर ठेवला (६४ बिटमुळे पूल ४ एमबीचा करून) की सेगफॉल्ट, १३९. आणि इथे पत्ता बदलत नाही, दर वेळी १६. बॅकट्रेसच्या (कुठलं फंक्शन कुणी बोलावलं त्या यादीच्या) वरच्या ओळी, नावं देवनागरीत:

#० लुआएस_रिमूव्ह
#१ फ्रीऑब्ज
#२ स्वीपलिस्ट

म्हणजे जीसी एक मेलेली स्ट्रिंग फेकायला जातो आणि पडतो. अ‍ॅलोकेटर मेमरी खराब करतोय असं वाटून त्याच्या प्रत्येक ब्लॉकच्या दोन्ही टोकांना ठरावीक बाइट भरून ठेवले आणि सतत तपासले. एकही बाइट हललेला नाही.

ओंजळ

धूमकेतू, बॅकट्रेस पूर्ण द्या. वरच्या तीन ओळींवर थांबू नका. हा १६ आकडा फार बोलका आहे.

५.३ मधल्या टीस्ट्रिंगची, म्हणजे लुआ स्ट्रिंग ज्या साच्यात ठेवते त्याची, रचना बघा. आधी 'नेक्स्ट' पॉइंटर, ६४ बिटवर ८ बाइट. मग एकेका बाइटची चार घरं. मग ४ बाइटचा हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा). झाले १६. त्यानंतर लगेच 'एचनेक्स्ट', म्हणजे हॅश टेबलाच्या त्याच कप्प्यातल्या पुढच्या स्ट्रिंगचा पॉइंटर. नल अधिक १६ म्हणजे नलचा 'एचनेक्स्ट' वाचायचा प्रयत्न. (३२ बिटवर हाच हिशोब १२ येतो. कॉर्टेक्स-एमच्या व्हेक्टर टेबलात १२ वर हार्डफॉल्ट हँडलरचा पत्ता असतो, म्हणजे तुमचा बोर्ड तो पत्ता स्ट्रिंग समजून पुढे जात होता.)

लुआएस_रिमूव्ह काय करतं? स्ट्रिंगच्या हॅशवरून कप्पा काढतं आणि त्या कप्प्यातली साखळी ती स्ट्रिंग सापडेपर्यंत चालत जातं. साखळी संपली का हे ते विचारतच नाही, कारण स्ट्रिंग तिथे असणारच हे गृहीत आहे. ते नलवरून पुढे गेलं याचा अर्थ एकच: स्ट्रिंग जिवंत मेमरीत आहे, शाबूत आहे, पण आपल्या कप्प्यात नाही.

तुमचा == चा प्रकारही मग याच घरातला. लुआ ५.३ मध्ये ४० बाइटपर्यंतच्या स्ट्रिंग एकदाच साठवल्या जातात. नवी स्ट्रिंग बनवताना आधी टेबलात तशीच आहे का ते बघतात, असेल तर तीच देतात. म्हणून तुलना करताना मजकूर वाचतच नाहीत, नुसता पॉइंटर बघतात. जुनी स्ट्रिंग भलत्या कप्प्यात पडली असेल तर शोध रिकामा येतो, त्याच मजकुराची दुसरी प्रत तयार होते, आणि मग दोन सारख्या स्ट्रिंग 'वेगळ्या' ठरतात.

तेव्हा प्रश्न आता मेमरी कोण खराब करतंय हा नाही. स्ट्रिंग टेबलाचे कप्पे कोणी आणि कधी बदलले, हा आहे.

धूमकेतू

ओंजळताई, हे घ्या पूर्ण:

#० लुआएस_रिमूव्ह
#१ फ्रीऑब्ज
#२ स्वीपलिस्ट
#३ स्वीपस्टेप
#४ सिंगलस्टेप
#५ लुआसी_रनटिलस्टेट
#६ लुआसी_फुलजीसी
#७ लुआएम_रिअलॉक_
#८ लुआएस_रिसाइझ
#९ चेकसाइझेस
#१० सिंगलस्टेप
#११ लुआसी_स्टेप
#१२ लुआव्ही_एक्झिक्यूट

खाली आणखी आहेत, पण ती नेहमीची पीकॉलची उतरंड आहे.

ओंजळ

सापडलं. खालून वर वाचा.

स्क्रिप्ट चालू आहे (१२), जीसीचं एक नेहमीचं पाऊल पडतं (११, १०). हे पाऊल झाडलोटीच्या शेवटचं आहे. तिथे चेकसाइझेस बघतं की स्ट्रिंग टेबल गरजेपेक्षा मोठं झालंय का. नियम असा: टेबलात जितके कप्पे आहेत त्यांच्या पावपटीहून कमी स्ट्रिंग उरल्या असतील तर कप्पे निम्मे करायचे. तुमच्या मोठ्या फाइलने हजारो वेगवेगळ्या स्ट्रिंग आणल्या, टेबल दुप्पट दुप्पट होत फुगलं. मेमरी संपली, तुम्ही टेबल सोडलं, स्ट्रिंग मेल्या, आणि आता ते आकसायची वेळ आली. म्हणूनच क्रॅश मेमरी संपताना होत नाही, मोकळी झाल्यावर होतो.

आता लुआएस_रिसाइझच्या आत (८). टेबल वाढवताना ५.३ आधी मोठी जागा मागते आणि ती मिळाली तरच स्ट्रिंग हलवते. जागा मिळाली नाही तर एरर उडते, पण तोवर कशालाच हात लागलेला नसतो. आकसताना क्रम उलटा आहे. आधी सगळ्या स्ट्रिंग खालच्या अर्ध्या कप्प्यांत नव्या हिशोबाने लावते, मग ब्लॉक छोटा करायला रिअलॉक करते, आणि ते झाल्यावरच 'साइझ' हा आकडा बदलते.

तुमच्याकडे नेमकं ते मधलं रिअलॉक फसतंय. बघा, ७ वरून थेट ६. लुआएम_रिअलॉक_ ला अ‍ॅलोकेटरकडून नल मिळालं, म्हणून तिने आणीबाणीची पूर्ण जीसी सुरू केली. म्हणजे एका जीसीच्या पोटात दुसरी जीसी, आणि ती अशा क्षणी की स्ट्रिंग निम्म्या कप्प्यांच्या हिशोबाने लावलेल्या आहेत पण 'साइझ' अजून जुनाच आहे. जुन्या साइझने कप्पा काढला की साधारण निम्म्या स्ट्रिंगचा कप्पा वरच्या अर्ध्यात येतो. तिथे सगळं नल. त्यातली एखादी मेलेली स्ट्रिंग फेकायची वेळ आली की खेळ खलास.

आणि अशी एखादी मेलेली स्ट्रिंग नसलीच, तर आतली जीसी सुखरूप पार पडते. पुन्हा मागितल्यावरही जागा मिळाली नाही तर 'नॉट इनफ मेमरी' उडते, टेबल तसंच अर्धवट राहतं, आणि मग तुमचं सारख्या स्ट्रिंगचं == फॉल्स. लॉगमध्ये बघा, छोट्या फाइलच्या वेळी, मेमरी मोकळी असताना, ही एरर आलेली दिसते का.

हा लुआचा दोष म्हणायचा का? माझ्या मते नाही. ५.२ आणि ५.३ च्या मॅन्युअलमध्ये अ‍ॅलोकेटरच्या वर्णनात स्पष्ट लिहिलंय: नवा आकार जुन्याहून मोठा नसेल तर अ‍ॅलोकेटर कधीही फसणार नाही असं लुआ गृहीत धरते. किटमधला अ‍ॅलोकेटर ही अट पाळत नाही. त्याचा रिअलॉक उघडून बघा. लुआच्या आतल्या तपासण्या चालू करूनही बांधा. लुआ_असर्ट हा मॅक्रो एरवी रिकामा असतो, त्याला सीचा असर्ट (अट मोडली की प्रोग्रॅम थांबवणारा) जोडून द्या.

वाटसरू

वाखूसा (वाचनखूण साठवली). खूप शिकायला मिळतंय.

एक शंका. ब्लॉक छोटा करायला नकार कसा काय मिळू शकतो? जागा तर आधीच आपल्याकडे आहे.

धूमकेतू

वाटसरू, तुमच्या शंकेचं उत्तर मला आत्ताच कोडमध्ये मिळालं.

आधी असर्टचं. लुआ_असर्ट जोडून बांधलं आणि प्रोग्रॅम सेगफॉल्टच्या पुष्कळ आधीच थांबला, एलमेम.सी मध्ये. नवा आकार जुन्याहून मोठा आहे ना, हे तपासणारी ती ओळ आहे आणि तिच्या शेजारी मूळ लेखकांची टीप: ब्लॉक छोटा करताना अपयश येऊ शकत नाही. ताईंनी सांगितलेली अट कोडमध्येच लिहून ठेवली आहे, फक्त ती तपासणी एरवी बंद असते.

लॉगमध्येही तसंच आहे. छोट्या फाइलच्या वेळची 'नॉट इनफ मेमरी' तिथे होती. मोठ्या फाइलच्या एररचीच ती पुनरावृत्ती समजून कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

आता अ‍ॅलोकेटर. त्यात रिअलॉक म्हणजे नेहमी नवा ब्लॉक घ्या, मजकूर उतरवा, जुना सोडा. वाढवायचं असो की कमी करायचं, वाट एकच. शिवाय ५१२ बाइटपर्यंतच्या मागण्यांसाठी तो मोठ्या भागातून पानं कापून घेतो आणि त्या पानांतले तुकडे सगळे मोकळे झाले तरी पान मोठ्या भागाला परत देत नाही. मोठी फाइल वाचताना लाखभर छोट्या वस्तू बनल्या, पूलचा बहुतेक भाग अशा पानांत गेला. नंतर सगळं रिकामं झालं तरी सलग जागा कुठेच नाही. बोर्डवर १६,३८४ कप्प्यांचं टेबल म्हणजे ६४ केबी. निम्मं करायला त्याला सलग ३२ केबी हवे. जुना ६४ केबीचा ब्लॉक हातात असताना तो दुसरीकडे ३२ केबी शोधत फिरतो आणि नाही मिळाले म्हणून नल देतो.

नेहमीच्या रिअलॉकवर हे का दिसलं नाही तेही आता स्पष्ट आहे. तिथे छोटं करणं जागच्या जागी होतं आणि माझी मर्यादा फक्त वाढीला अडवत होती.

दुरुस्ती सोपी दिसते: नवा आकार जुन्याहून लहान किंवा तेवढाच असेल तर तोच पॉइंटर परत द्यायचा. बरोबर ना?

तिसरा_प्रहर

दिशा बरोबर, पण जरा थांबा. तुमचा अ‍ॅलोकेटर ब्लॉक सोडताना त्याचा आकार कुठून घेतो? लुआ सांगते त्या जुन्या आकारावरून, की स्वतःच्या नोंदीवरून?

लुआ प्रत्येक वेळी जुना आकार देते, त्यामुळे बरेच जण ब्लॉकवर हेडर ठेवत नाहीत. तेवढे बाइट वाचतात. पण समजा ४०० बाइटचा ब्लॉक लुआने ६० चा करायला सांगितला आणि तुम्ही तोच पॉइंटर दिला. पुढे लुआ सोडताना म्हणेल, जुना आकार ६०. तुम्ही तो ६४ बाइटच्या मोकळ्या यादीत टाकाल, तो मात्र ५१२ च्या पानातला आहे. ती अ‍ॅलोकेटरच्या हिशोबातली खरी खराबी, आणि ती आताच्या क्रॅशपेक्षा शोधायला कितीतरी अवघड. पानाच्या सुरुवातीला त्या पानाच्या तुकड्यांचा आकार लिहून ठेवा आणि पॉइंटरवरून पान काढून तोच खरा माना. मोठ्या ब्लॉकला मात्र स्वतःचं हेडर हवंच. शेपटी पुरेशी मोठी असेल तर कापून परत द्या, नसेल तर राहू द्या.

याच अनुषंगाने आणखी एक सापळा. ५.२ पासून नवीन वस्तू मागताना, म्हणजे पॉइंटर नल असताना, जुन्या आकाराच्या जागी लुआ वस्तूचा प्रकार पाठवते: स्ट्रिंग, टेबल, फंक्शन वगैरे. किती मेमरी वापरली हे मोजणारे लोक डोळे झाकून 'नवा वजा जुना' करतात आणि त्यांचा आकडा हळूहळू खऱ्यापेक्षा कमी होत जातो. पॉइंटर नल असेल तर जुना आकार शून्य धरायचा.

खडीसाखर

अवांतर, पण विषयाला धरून. प्रत्येक भाषा हा प्रसंग वेगळ्या तऱ्हेने निभावते, ते लक्षात ठेवलं तर इतरत्रही उपयोग होतो.

सीपायथनमध्ये (पायथनच्या नेहमीच्या अंमलबजावणीत) मेमरीएरर पकडता येते आणि ती उडवायला लागणारी वस्तू आधीच राखून ठेवलेली असते. लुआही 'नॉट इनफ मेमरी' ही स्ट्रिंग सुरुवातीलाच बनवून ठेवते. मेमरी संपल्यावर संदेश बनवायला मेमरी कुठून आणणार? पायथनमध्ये लोक अडकतात ते एक्सेप्शन साठवून ठेवल्यामुळे. त्याला ट्रेसबॅक (एरर कुठून आली त्याचा माग) जोडलेला असतो, ट्रेसबॅकला फ्रेम, आणि फ्रेममध्ये ती अवाढव्य लिस्ट. एरर पकडली तरी मेमरी सुटत नाही.

पीएचपीत मेमरी लिमिट ओलांडलं की फेटल एरर, ट्राय-कॅचला दाद देत नाही. मूळ मर्यादा १२८ एमबीची, म्हणून तो १३,४२,१७,७२८ बाइटचा प्रसिद्ध संदेश. रजिस्टर केलेलं शटडाउन फंक्शन तेवढं चालतं.

आणि लिनक्स सर्व्हरवर बहुतेकदा यातलं काहीच घडत नाही. कर्नल आधी उदारपणे हो म्हणतो आणि पानांना खरोखर हात लागला की मग प्रोसेस मारतो. भाषेला एरर द्यायची संधीच मिळत नाही.

वाटसरू

अजून एक विचारतो. एक्सपीकॉलला (एररसाठी हँडलर घेणाऱ्या पीकॉलला) मी ट्रेसबॅक देणारा हँडलर दिलेला आहे. इतर एररना ट्रेसबॅक येतो, मेमरीच्या एररला नुसता कोरा संदेश. हे असंच असतं का?

ओंजळ

हो, असंच असतं, मुद्दाम तसं केलंय. मेमरी एररसाठी लुआ हँडलर बोलावतच नाही, कारण ट्रेसबॅक बांधायलाही मेमरी लागते. कुठल्या ओळीवर संपली हे हवं असेल तर अ‍ॅलोकेटरमध्येच नल द्यायच्या ओळीवर ब्रेकपॉइंट ठेवा. पण पहिल्या नलवर विश्वास ठेवू नका, त्यानंतर आणीबाणीची जीसी होते आणि बहुतेकदा दुसऱ्या मागणीला जागा मिळून जाते. लागोपाठ दुसऱ्यांदा नल गेलं तीच खरी जागा.

धूमकेतू, अ‍ॅलोकेटर दुरुस्त झाला तरी मेमरी संपणं कमी करण्याकडेही बघा. तीन गोष्टी.

लुआची जीसी 'पॉज' मूळची २०० असते. म्हणजे एक फेरी संपल्यावर वापर दुप्पट होईपर्यंत पुढची फेरी सुरू होत नाही. २ एमबीच्या पूलमध्ये १.१ एमबी खरोखर वापरात असेल तर दुप्पट होण्याआधीच भिंत येते आणि प्रत्येक वेळी आणीबाणीची जीसीच धावते. तो आकडा ११० ते १२० वर आणा. वेळ थोडा जास्त जाईल, पण शिखर खाली येईल.

टेबलाचा अ‍ॅरे वाढताना आकार दोनच्या घातांत वाढतो. किती नोंदी येणार हे माहीत असेल तर सीमधून क्रिएटटेबलला तो आकडा द्या. नाहीतर शेवटच्या दुपटीला जुनं आणि नवं दोन्ही एकाच वेळी मेमरीत असतात.

आणि ओळी जोडताना लूपमध्ये .. वापरत असाल तर ते आधी काढा. प्रत्येक जोडणीला पूर्ण नवी स्ट्रिंग बनते आणि जुनी कचऱ्यात जाते. तुकडे टेबलात ठेवा आणि शेवटी एकदाच टेबल.कॉनकॅट.

धूमकेतू

दुरुस्ती करून कळवतोय.

छोट्या पानांच्या सुरुवातीला तुकड्याचा आकार, मोठ्या ब्लॉकला हेडर. छोटं करताना शेपटी कापता आली तर कापतो, नाहीतर तोच पॉइंटर. लुआने दिलेला जुना आकार आता फक्त पडताळणीसाठी वापरतो: तो आमच्या नोंदीहून मोठा निघाला तर लगेच थांबायचं. पूर्ण रिकामी झालेली पानंही आता मोठ्या भागाला परत जातात. ते या क्रॅशसाठी गरजेचं नव्हतं, पण त्याशिवाय मोकळ्या मेमरीचा आकडा फसवा होता.

लिनक्सवर आणि बोर्डवर दोन्हीकडे मोठी फाइल, एरर, मग छोट्या फाइली, असं चक्र चालू ठेवलंय. क्रॅश नाही, == ठीक, आणि मेमरी मोकळी असतानाची ती दुसरी एररही गेली. पॉज ११० केल्यावर पूर्वी न मावणाऱ्या काही फाइलीही मावल्या.

५.४ वर जावं का असं मनात आलं होतं. तिथला लुआएस_रिसाइझ पाहिला. छोटं करणं फसलं तर तो स्ट्रिंग पुन्हा जुन्या कप्प्यांत लावतो आणि टेबल होतं तसं ठेवून पुढे जातो. मॅन्युअलमधली ती अटही ५.४ मधून गेली आहे. पण आमची बाकीची सी मॉड्यूलं ५.३ वर आहेत, तूर्त तिथेच राहतोय.

तिसरा_प्रहर

उत्तम. एक चाचणी कायमची ठेवून द्या. अ‍ॅलोकेटरवर एक पातळ आवरण घाला जे ठरवलेल्या क्रमांकाच्या मागणीला मुद्दाम नल देईल आणि त्यापुढच्या सगळ्या मागण्यांनाही, म्हणजे आणीबाणीच्या जीसीनंतरची दुसरी मागणीही फसेल. क्रमांक १ पासून सुरू करून एकेकाने वाढवत न्या, स्क्रिप्ट एकदाही न फसता पूर्ण होईपर्यंत. दर वेळी एरर पकडल्यावर आवरण पुन्हा सरळ करा, पूर्ण जीसी चालवा आणि स्टेट बंद करून सगळी मेमरी परत आली का ते मोजा. स्क्वेलाइट (SQLite) या डेटाबेसचे लोक आपल्या कोडवर याच पद्धतीने चाचण्या घेतात. तुमच्या सी फंक्शनमधली एखादी सुटलेली फ्रीसुद्धा यात पकडली जाईल.

नल फक्त वाढीच्या मागण्यांना द्या. छोटं करण्याच्या मागणीला आतल्या अ‍ॅलोकेटरने नल दिलं तर आवरणाने तिथल्या तिथे अबॉर्ट करावं.

धूमकेतू

आवरण लिहिलं. अट अशी ठेवली आहे: पॉइंटर नल नसेल, नवा आकार शून्य नसेल, आणि तो जुन्याहून मोठा नसेल, तरी उत्तर नल आलं तर अबॉर्ट. पॉइंटर नल असताना जुन्या आकाराकडे बघतच नाही, कारण तिथे प्रकार असतो.

जुन्या अ‍ॅलोकेटरवर हे आवरण घालून पाहिलं, तर मोठ्या फाइलनंतरच्या पहिल्याच आकसण्याला प्रोग्रॅम थांबला आणि बॅकट्रेसमध्ये लुआएस_रिसाइझ समोर होतं. नव्यावर सगळे क्रमांक पार पडले. फक्त आमच्या एका सी फंक्शनमध्ये खडीसाखर यांनी सांगितलेला मॅलॉकचा बफर एका क्रमांकाला लटकलेला सापडला. तो आता लुआच्या यूजरडेटात घेतोय, म्हणजे एरर उडाली तरी जीसी तो उचलेल.